करवतीने बोट कापले : एका तृतीया विभक्तीविषयी

‘करवतीने बोट कापले.’ हे तीन शब्दांचे वाक्य फळ्यावर लिहून त्यातील कर्ता कोणता असे विचारले, की वर्गात हमखास तट पडतात. काहींच्या मते ‘करवतीने’ ही कर्त्याची तृतीया. रामाने रावण मारला, तसे करवतीने बोट कापले. काहींच्या मते ती करणाची तृतीया; सुरीने आंबा चिरला, ह्यातली. चिरणारा कोणी निराळाच आहे, वाक्यात तो फक्त उच्चारलेला नाही. आणि एखादा चाणाक्ष विद्यार्थी तिसरेच सांगतो : ‘कापणे’ हा धातू मराठीत सकर्मकही आहे आणि अकर्मकही, ‘माझे बोट कापले’ असे आपण म्हणतो तेव्हा कर्ता बोटच असते. दादोबांपासून दामल्यांपर्यंत आपल्या व्याकरणकारांनी तृतीयेचे कर्ता आणि करण हे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. पाणिनीनेही अनुक्त कर्ता आणि करण ह्या दोहोंना एकच विभक्ती दिली. तेव्हा तिन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतात, आणि आम्ही ते देतो.

पण हे वाक्य व्याकरणाच्या वहीतून उठून माणसांच्या तोंडी जाते, तेव्हा तिन्ही उत्तरे सारखी राहत नाहीत. विजेवर चालणाऱ्या करवतीने घरच्या लाकूडकामात हात जायबंदी होणे ही आज जगभर नित्याची दुखापत आहे. ती सांगितली जाते ती बहुतेक अशाच वाक्यांतून : बोट गेले, हात अडकला, लक्ष नव्हते. ह्या वाक्याचा कर्ता आपण कोणाला ठरवितो, त्यावर दोष कोणाचा, भरपाई कोणाची आणि पुढच्याचे बोट वाचणार की नाही, हे सारे अवलंबून असते असे आम्हांला वाटते.

आधी करवतीविषयी. हातकरवतीत जोर हाताचाच असतो. दात कातडीत रुतला की वेदना होते, हात थांबतो, आणि हात थांबला म्हणजे करवतही थांबते. करणारा आणि करण ह्यांच्यात एक जिवंत धागा असतो. मोटार आली आणि हा धागा तुटला. टेबल सॉ म्हणतात त्या यंत्रात टेबलाच्या फटीतून अर्धेमुर्धे वर आलेले गोल पाते जागच्या जागी फिरत असते, आणि लाकूड हाताने त्याच्याकडे सारायचे असते. दहा इंची, चाळीस दातांचे पाते मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. काही बिघडले हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात पाते तेरा वेळा फिरलेले असते आणि त्याचे पाचशेहून अधिक दात एकाच जागेवरून गेलेले असतात. वेदना येथे बातमीसारखी, घटना होऊन गेल्यावर पोहोचते.

त्यातही पुष्कळदा हात पात्याकडे जात नाही, नेला जातो. लाकूड हे मेलेल्या झाडाचे असले तरी निर्जीव वस्तूसारखे वागत नाही; वाळताना त्याच्या तंतूंत ताण साठलेला असतो. फळी उभी चिरत असता तो ताण मोकळा होतो, चिरलेले दोन भाग एकमेकांकडे झुकतात आणि पात्याचा मागचा भाग चिमटीत धरतात. पात्याचे पुढचे दात टेबलाकडे खाली उतरत असतात, मागचे मात्र वर चढत असतात. ते फळीला उचलतात आणि उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर भिरकावतात. एक क्षणापूर्वी ज्या फळीवर हाताचा भार होता ती फळीच तेथे उरत नाही, आणि भार टाकलेला हात पात्यावर पडतो. इंग्रजीत ह्याला ‘किकबॅक’ म्हणतात. उपाय जुने आणि साधे आहेत : पात्याच्या मागे उभी असणारी, त्याच्यासोबत वरखाली होणारी एक पातळ पोलादी पट्टी, म्हणजे चीर मिटत नाही, पात्यावर झाकण, आणि शेवटचा वीतभर भाग हाताऐवजी काठीने पुढे सारणे. लोकरी वा सुती हातमोजा हा मात्र उपाय नाही. दाताने त्याचा एक धागा धरला तरी मोज्यासकट हात आत ओढला जातो.

‘कापले’ हे क्रियापदही येथे तितकेसे खरे नाही. सुरी दोन भाग करते. करवत दोन भागांमधला काही अंश नाहीसा करते. लाकडात त्या नाहीशा झालेल्या अंशाला आपण भुसा म्हणतो. टेबल सॉच्या पात्याची चीर साधारण तीन मिलिमीटर रुंद असते, आणि बोटाच्या बाबतीत त्या तीन मिलिमीटरांत हाड, शीर, रक्तवाहिनी असे सगळे येते. तुटलेला अंगठा पूर्ववत जोडण्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई ह्या शल्यविशारदांनी १९६५ साली प्रथम यशस्वी केली. परंतु धारदार पात्याने सरळ तुटलेले बोट जोडणे आणि करवतीने खाल्लेले बोट जोडणे ह्यांत फार अंतर आहे.

ह्या विषयावर जगातल्या वाङ्मयात एक थोर कविता आहे, आणि ती नेमकी घरच्या लाकूडकामाची आहे. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘आउट, आउट—’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यू हॅम्पशरमध्ये १९१० साली घडलेल्या एका अपघाताचा तिला आधार असल्याचे अभ्यासक सांगतात. व्हरमाँटमधले एक अंगण, चुलीसाठी लाकडाचे तुकडे पाडणारी यंत्रकरवत, संध्याकाळ, कामावर एक पोरगा. बहीण जेवायला बोलावते आणि त्याच क्षणी करवत पोराच्या हाताला भिडते. डॉक्टर येतो, गुंगी देतो, आणि पोरगा जातो. जे मेले नाहीत ते आपापल्या कामाला लागतात.

शीर्षक ‘मॅकबेथ’मधून आले असल्यामुळे तौलनिक साहित्याच्या तासाला ह्या कवितेचे एक ठरीव उत्तर तयार असते : जीवनाची क्षणभंगुरता, मेणबत्ती विझणे, नियतीची उदासीनता. हे उत्तर चूक नाही, परंतु ते लिहिताना विद्यार्थ्याला करवतीचा उल्लेख करण्याची गरजही भासत नाही, आणि आमची तक्रार तेथे आहे. फ्रॉस्टने अपघाताच्या क्षणापाशी काय केले आहे ते पाहावे. करवत जणू स्वतःहून झेपावली असे तो म्हणतो, लगेच स्वतःला अडवतो, झेपावल्यासारखी वाटली असे करून घेतो, आणि मग पोरानेच हात दिला असावा असा तर्क करतो. शेवटी, कसेही असो, दोघांनीही भेट नाकारली नाही, ह्यावर तो येऊन थांबतो. दोन-तीन ओळींत कर्ता तीनदा बदलतो. इंग्रजीत जे साधायला कवीला वाक्य मोडून पुन्हा जुळवावे लागले, ते आपल्या ‘ने’ ह्या एका प्रत्ययात मुळातच आहे. कोणी मराठी अनुवादकाने हे हाताळून पाहावे.

आणखी एक गोष्ट. अपघाताच्या आधीच कवी मध्ये बोलून जातो : पोराला अर्धा तास आधी मोकळे केले असते तर. लहान मुलाला तेवढा अर्धा तास किती मोलाचा असतो, हेही सांगून जातो. हे बोलणे नियतीला उद्देशून नाही. त्या अंगणात कामाची वेळ ठरविणारी माणसे होती, पोरगा अजून पोरगाच आहे हे त्यांना दिसत होते, आणि शब्द त्यांना उद्देशून आहेत. मेणबत्तीवर सारे लक्ष दिल्याने हा अर्धा तास वाचकांच्या हातून निसटतो. आमच्या मते कवितेचा नैतिक भार त्या अर्ध्या तासावर आहे.

आपल्या परंपरेत हात गमावण्याच्या कथा आहेत, आणि त्या पुन्हा वाचताना आम्हांला एक गोष्ट जाणवली. एकलव्य अंगठा देतो. गोरोबाकाका, विठ्ठलाची आण मोडली म्हणून, स्वतःचे हात स्वतः तोडतात. म्हणजे हाताने काम करणारे दोघे, एक धनुर्धर आणि एक कुंभार, हात गमावतात. आणि दोन्ही ठिकाणी कथा सांगते की हात ‘गेला’ नाही, तो ‘दिला’. एकदा दक्षिणा म्हणून, एकदा व्रत म्हणून. गोरोबांचे हात नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजविताना परत येतात. एकलव्याला ती सोय नाही. कामावरच्या अपघाताची साधी आठवण आपल्या संतचरित्रांत एकच ठळक आहे : मंगळवेढ्याला कुसू कोसळून त्याखाली चोखोबा गेले. तेथेही कथेचे लक्ष लगेच अस्थींमधून येणाऱ्या विठ्ठलनामाकडे वळते. ती भिंत कशी बांधली जात होती हे कोणी विचारीत नाही. भक्तिकथेने ते विचारावे अशी आमची अपेक्षा नाही. पण हात गमावणाऱ्याच्या इच्छेत कारण शोधण्याची सवय आपल्या कानांना फार जुनी आहे, एवढे ह्यातून दिसते.

आजच्या बोलण्यात त्या इच्छेची जागा ‘निष्काळजीपणा’ ह्या शब्दाने घेतली आहे. हा शब्द वरवर शास्त्रीय वाटतो, परंतु त्याचे काम तेच आहे : हात ज्याचा होता त्यालाच कर्ता ठरविणे. दक्षिणा देणाऱ्याला निदान मान मिळत असे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २०१५ ह्या एका वर्षात टेबल सॉच्या दुखापतींसाठी सुमारे ३३,४०० माणसे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आली, आणि त्यांतील सुमारे ३०,५०० जणांना पात्याचाच स्पर्श झाला होता. एक माणूस बेसावध होता असे म्हणता येते. तीस हजार माणसे एका वर्षात, एकाच यंत्रापुढे, एकाच तऱ्हेने बेसावध होत असतील, तर बेसावधपणा हा त्या माणसांचा स्वभाव मानावा की त्या यंत्राचा गुणधर्म?

ह्या प्रश्नाला एक उत्तर १९९९ साली ओरेगनमधल्या एका गृहस्थांनी दिले. स्टीफन गॅस हे पदार्थविज्ञानात पीएच.डी. केलेले, व्यवसायाने पेटंटचे वकील आणि हौसेने घरी लाकूडकाम करणारे. त्यांनी पात्यावर एक सौम्य विद्युत्संकेत ठेवला. लाकूड वीज वाहून नेत नाही म्हणण्याइतके कमी नेते. माणसाचे शरीर नेते. कातडी पात्याला लागली की संकेत क्षीण होतो, स्प्रिंगने अॅल्युमिनियमचा एक ठोकळा पात्याच्या दातांत घुसविला जातो, आणि पाते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात थांबून टेबलाखाली जाते. मघाच्या हिशेबाने हे एका फेऱ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. बोटावर ओरखडा उठतो, एवढेच. गॅस ह्यांनी प्रथम हॉटडॉगवर आणि पुढे स्वतःच्या बोटावर हे करून दाखविले. मोटारीने तोडलेला वेदनेचा धागा त्यांनी विजेच्या रूपाने पुन्हा जोडला, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही.

ह्यानंतरची कथा मात्र कीर्तनात शोभणारी नाही. यंत्र बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी हे तंत्र घेतले नाही. गॅस ह्यांनी २००३ साली आयोगाकडे सक्तीसाठी याचिका केली आणि २००४ पासून ‘सॉस्टॉप’ ह्या नावाने स्वतःचीच यंत्रे विकायला आणली. कंपन्यांचे म्हणणे असे की यंत्र महाग होते, ओल्या लाकडाने उगाच थांबते, एकदा थांबले की पाते आणि ठोकळा दोन्ही बदलावे लागतात. आणि सक्ती झाली तर एकाच पेटंटधारकाचे उखळ पांढरे होईल. शेवटचा आक्षेप पोकळ नव्हता. पेटंटच्या वकिलाने आपल्याच पेटंटची सक्ती मागावी ह्यात विनोद आहेच, आणि बॉशने स्वतःच्या पद्धतीचे यंत्र आणले तेव्हा पेटंटभंगाच्या वादात त्याची अमेरिकेतील आयात अडली, हेही विसरता येत नाही. सक्तीचा प्रस्ताव २०१७ साली आला, २०२३ साली सुधारून पुन्हा आला. २०२४च्या फेब्रुवारीत कंपनीने नियम लागू झाल्यास एक कळीचे पेटंट सर्वांना खुले करण्याची तयारी दाखविली. तरीही २०२४ संपेपर्यंत नियम झालेला नव्हता. दरम्यान २०१० साली बॉस्टनच्या एका ज्यूरीने, हे तंत्र उपलब्ध असूनही न वापरणारे यंत्र सदोष होय असे मानून, फरशीकाम करणाऱ्या एका जखमी कामगाराला पंधरा लाख डॉलरची भरपाई दिली. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर त्या ज्यूरीने ‘करवतीने’ ही करणाची तृतीया मानली आणि अनुक्त कर्ता शोधून काढला.

करवतीला वाघ, राक्षस, भुकेले यंत्र म्हणणारी जी चेतनगुणोक्ती आपल्याकडे यंत्रयुगावरच्या कवितेत बोकाळली, तिच्याविषयी आमचे मत त्यामुळे फारसे बरे नाही. यंत्राला राक्षस म्हटले की ते कोणीतरी कागदावर आखले, कोणीतरी त्याचे झाकण वगळून किंमत कमी केली, हे दृष्टीआड होते. राक्षसाला आराखडा नसतो.

आता आपल्याकडे यावे. घरच्या घरी हौसेने लाकूडकाम करणारे लोक पुण्या-मुंबईतही वाढले आहेत, परंतु आपल्या घरांत करवत शिरते ती मुख्यतः फर्निचर करायला आलेल्या मिस्त्रींसोबत. नव्या सदनिकेच्या रिकाम्या दिवाणखान्यात प्लायचे तुकडे जोडून एक टेबल उभे केले जाते. हातात धरून वापरायचे कटर यंत्र त्या टेबलाखाली उलटे, स्क्रूने पक्के केले जाते आणि पाते फटीतून वर काढले जाते. झाकण उलट्या मांडणीत बसत नाही म्हणून ते आधीच काढलेले असते. मागची पट्टी नसते. बटण दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकलेले, त्यामुळे यंत्र बंद करायचे तर भिंतीवरच्या प्लगपाशी जायचे. कधी कधी तर फरशी कापण्याचेच छोटे यंत्र लाकडाचे पाते लावून वापरतात. त्याचे फेरे मिनिटाला दहा हजारांच्या वर. ह्या मांडणीतले कौशल्य पाहून आम्ही थक्क झालो आहोत, आणि हेच कौशल्य पाहून घरमालक निश्चिंत होतात. ‘त्यांना सवय आहे’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो.

ही माणसे राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेली असतात. आपले सुतार होते तेव्हा तेही ह्याच टेबलांवर काम करीत. हातावर पोट हा आपला वाक्प्रचार ह्यांच्या बाबतीत शब्दशः खरा असतो. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे जे दर लावलेले होते ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा अवश्य वाचावेत. कमावण्याची शक्ती किती टक्के गेली ह्याचा तो तक्ता : अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एकलव्याची दक्षिणा ह्या हिशेबाने तीस टक्के. सुट्या चार बोटांची बेरीज ४० होते, पण चारही बोटे एकदम गेली तर तक्ता ५० म्हणतो. हात हा बोटांच्या बेरजेहून अधिक असतो, एवढे त्या रुक्ष कारकुनी गद्याला कळले होते. मात्र सदनिकेतल्या मिस्त्रीपर्यंत असा तक्ता क्वचितच पोहोचतो. घरमालकाने काम ठेकेदाराला दिलेले, ठेकेदाराने मिस्त्रीला, मिस्त्रीने गावाकडच्या भाच्याला आणलेले. ह्यांत मालक कोण, येथेच गाडी अडते. अनुक्त कर्ता शोधायला येथे ज्यूरी बसत नाही. भाचा गावी परत जातो आणि काम दुसऱ्याकडून पुरे होते.

बोट शोधणारे तंत्र असलेले यंत्र प्रत्येक मिस्त्रीने घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही; त्याची किंमत ऐकून ते हसतील. पण मागची पट्टी, झाकण, काठी आणि हाताशी असलेले बटण ह्यांची किंमत एका चांगल्या कपाटाच्या कड्या-बिजागऱ्यांहून फार नाही. ज्याच्या घरात काम चालते त्याने हे मागितले पाहिजे, आणि त्याचे पैसेही दिले पाहिजेत. एवढ्याउपर बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फ थेट लावू नये, आणि जेथे ते जोडण्याची सोय आहे अशाच रुग्णालयात जावे. बोटात स्नायू नसल्याने ते थंड ठेवले तर बरेच तास टिकते; मनगटातून तुटलेल्या हाताला इतकी सवड नसते.

आमच्यापैकी एकाच्या घरी गेल्या वर्षी फर्निचर झाले. ठेकेदाराने दिलेला दरपत्रकाचा कागद तीन पानांचा होता. त्यात प्लायची जाडी, लॅमिनेटचा क्रमांक, बिजागऱ्यांची कंपनी, पॉलिशचे हात, इतकेच काय, भुसा आणि कचरा उचलून नेण्याचे दोन हजार रुपयेही वेगळे लावलेले होते. करवतीच्या झाकणाचे नाव त्या तीन पानांत कोठेही नव्हते. आम्ही ते हाताने चौथ्या पानावर लिहून घेतले आणि त्यापुढे रक्कम घालायला सांगितली, तेव्हा ठेकेदाराने प्रथम विचारले ते असे, की हे कोणाच्या खात्यात धरायचे.